दोन किलोंची चोरी

सकाळचे नऊ वाजले होते. दिनानाथ साळवींनी चहात बुडवलेली खारी तोंडापर्यंत पोहोचणार, इतक्यात फाटक वाजलं आणि खारी कपातच कोसळली.

"जागृतीबाई, गिऱ्हाईक!" त्यांनी आत हाक दिली. आवाजात खारीचं दुःख होतंच.

घणसोली गावात जागृती घरत हिचं वडिलोपार्जित जमिनीवर बांधलेलं दुमजली घर होतं. खाली 'घरत तपास सेवा' ही पाटी आणि वर भाडेकरू म्हणून साळवी. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर बत्तीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. आता जागृतीच्या तपासात ते मदत करत, म्हणजे सोबत फिरत आणि चुकीचा अंदाज सर्वांत आधी सांगत. त्या अंदाजांचाही उपयोग होतो, असं जागृती म्हणायची. साळवी ते कौतुक समजत.

आलेली मुलगी तिशीच्या आतली होती. काखेत हेल्मेट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, डोळे सुजलेले.

"मी उत्कर्षा जाधव. करंजाड्याहून आलेय. माझी लायब्ररी चोरीला गेलीय."

साळवींनी कान टवकारले. तरुणपणी ते गावच्या वाचनालयाचे कार्यवाह होते. "किती पुस्तकं होती?"

एवढ्या दुःखातही तिला हसू आलं. "पुस्तकं नाहीत काका. कोडची लायब्ररी. लोखंडाचं वजन काढायचे सगळे नियम आणि आकडे मी कॉम्प्युटरवर एका जागी लिहून ठेवलेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते वापरता येतात. पण दुकानदाराला त्याचा काय उपयोग? म्हणून तीच लायब्ररी मी प्लगइनमध्ये बांधली. एक झिप फाइल. दुकानदारानं ती आपल्या वेबसाइटवर चढवायची, 'इन्स्टॉल' दाबायचं, झालं. गिऱ्हाइकाला घरबसल्या कळतं, अमुक माल घेतला तर वजन किती भरेल."

"वजनाची कोष्टकं तर छापील मिळतात."

"छापील वजन आणि गोडाऊनमधलं वजन कधी एक असतं का, काका?"

नसतं, हे साळवींपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

"माझे बाबा, कोंडिबा जाधव, कळंबोलीत तीस वर्षं माथाडी आहेत," उत्कर्षा म्हणाली. "उदयसिंह निकमांच्या गोडाऊनवर. एकेक नग काट्यावर ठेवून त्यांनी खरी वजनं पाठ केलीत. आकडे त्यांचे, त्यावर हिशेब करणारा कोड माझा."

जागृती इतका वेळ नुसती ऐकत होती. आता तिनं विचारलं, "मग चोरी कशावरून?"

उत्कर्षानं लॅपटॉप उघडला. बाजारातल्या व्यापारी मंडळाला सगळ्या दुकानांच्या वेबसाइटसाठी एक प्लगइन निवडायचं होतं. तिनं आपलं दिलं, पण मंडळासमोर ते वेबसाइटवर चढेना. गेल्या आठवड्यात दिघ्याच्या शिवतेज मोरे नावाच्या माणसानं दुसरं आणून दिलं. आकडे तंतोतंत तेच.

"योगायोग नाही म्हणायचं, कारण त्यात माझी चूकसुद्धा आहे. हे बघा. तीन इंची चॅनल, वीस फुटी. खरं वजन साडेत्रेचाळीस किलो. माझ्या जुन्या झिपमध्ये साडेपंचेचाळीस होतं, दोन किलो जास्त. महिन्यापूर्वी बाबांच्या लक्षात आलं आणि मी सुधारलं. याच्या प्लगइनमध्ये अजून साडेपंचेचाळीसच आहे!"

"म्हणजे जुनी झिप फुटली," साळवींनी टाळी दिल्यासारखं म्हटलं. "ती कुणाकडे होती?"

उत्कर्षाची मान खाली गेली. "फक्त मोनालीकडे. स्क्रीन कशी दिसावी ते तिनं केलं. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलोय." तिनं बॅगेतून एक अर्ज काढला. "निकमशेठ मंडळाचे अध्यक्ष आहेत. म्हणाले, आरोप करतेस तर आज चार वाजेपर्यंत माहिती कुणी फोडली त्याचं नाव लिहून दे. नाहीतर दोन्ही प्लगइन बाद. सगळा अर्ज भरलाय. ही एकच जागा रिकामी आहे, आणि तिथं मोनालीचं नाव लिहायला हात धजत नाही."

तिच्या हातात पेन होतं. जागृतीनं पुढे होऊन ते काढून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

"चार वाजता परत देते. तोवर काही लिहायचं नाही."

निघण्याआधी तिनं दोन्ही प्लगइन उत्कर्षाच्या लॅपटॉपवरच चालवून बघायला लावली. साळवींना तर खेळणंच मिळालं. उत्कर्षाच्या प्लगइनमध्ये माल लहानापासून मोठ्याकडे असा शिस्तीत लावलेला होता. शिवतेजच्या यादीला ना शेंडा ना बुडखा. आधी चॅनल, मग सळई, तीही बारा एमएम आधी आणि आठ नंतर, मग पट्टी, मग अँगल, शेवटी पाइप.

"सात फूट चॅनल टाकतो," साळवी म्हणाले. उत्कर्षाच्या प्लगइननं क्षणात उत्तर दिलं, पंधरा किलो दोनशे पंचवीस ग्रॅम. शिवतेजच्यानं दिलं, 'माहिती उपलब्ध नाही.'

"छे! अर्धवट मालच आहे हा," साळवींनी निकाल देऊन टाकला.

जागृती त्यांच्याकडे बघून गोड हसली. साळवींना कारण कळलं नाही, पण बरं वाटलं.

*

मोनाली ऐरोलीला राहायची. उत्कर्षाला गाडीतच बसवून दोघं वर गेले. दार उघडताच मोनाली म्हणाली, "तिनं पाठवलं ना? स्वतः यायला काय झालं?"

"शिवतेज मोरेला ओळखतेस?" जागृतीनं थेट विचारलं.

"ओळखते. त्याच्या प्लगइनचं चिन्ह मीच काढलंय."

साळवींनी अर्थपूर्ण खाकरून घेतलं. जागृतीनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"त्याला उत्कर्षाची झिप दिलीस?"

"नाही. ती अजून माझ्याकडे तशीच पडलीय. मी स्क्रीनच्या फाइली सोडून आत डोकावलेसुद्धा नाही, मला त्यातलं कळत नाही. शिवतेजनं फक्त सांगितलं, लोखंडाच्या दुकानाचं काम आहे, एक चिन्ह काढून दे. मी दिलं. ते हिच्या कामासमोर उभं राहणार हे मला मंडळाची यादी आल्यावर समजलं." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. "मी सांगणारच होते. पण त्याआधी हिचा मेसेज आला, 'तू घात केलास.' आणि लगेच ब्लॉक. ताई, अठरा वर्षांची मैत्री! एकदा विचारायचं तरी. मला कोणी काही विचारलंच नाही!"

जिन्यात साळवी कुजबुजले, "हीच. चिन्ह काढता काढता झिप सरकवली."

"काका, तुमी फार हुशार हाव," जागृती म्हणाली. ती अशी गावच्या बोलीत उतरली, की साळवी समजून जात की अंदाज चुकलाय.

*

दिघ्यात गल्ली इतकी अरुंद, की गाडी हमरस्त्यालाच सोडावी लागली. उत्कर्षा तिथंच थांबली. चोराचं तोंड बघायचं नाही, म्हणाली. शिवतेजचं ऑफिस म्हणजे किराणा दुकानाच्या माळ्यावरची एक खोली. टेबल, दोन कॉम्प्युटर, गणपती, आणि पाहुण्यासाठी एक लोखंडी खुर्ची. तिच्यावर गोणपाटाची जाड गादी होती. कडेला हिरवा काठ, काठावर पिवळी रुईफुलं. साळवींची कंबर सकाळपासून कुरकुरत होती. ते त्या गादीवर असे विसावले की उठायची इच्छाच होईना.

शिवतेज पंचविशीतला, काटक. आल्या आल्याच त्यानं सुनावलं, "त्या बाईंनी मंडळाला पत्र लिहून मला चोर म्हटलंय. चोर म्हणणाऱ्याला मी वंशावळ सांगत बसत नाही. आकडे माझ्या घरचे आहेत. बस."

"घरचे म्हणजे?"

"म्हणजे घरचे."

जागृतीनं विषय सोडला आणि उत्कर्षाकडून आणलेला लॅपटॉप पुढे केला. "एक सांगा. उत्कर्षाची झिप दुकानदाराच्या वेबसाइटवर चढतच नाही. मंडळासमोर 'प्लगइन सापडले नाही' असं आलं म्हणे. का बरं?"

शिवतेजचा राग तसाच होता, पण कारागिराला बिघडलेलं यंत्र दाखवलं की त्याचा हात गप्प बसत नाही. त्यानं वाकून पाहिलं.

"डब्यात डबा ठेवलाय हो! बाहेरचा फोल्डर उघडला की आत परत तोच फोल्डर. वेबसाइट वरचं झाकण उघडते, समोर पोळी दिसली नाही की डबा परत पाठवते. आतला फोल्डर उचलून त्याचीच झिप करायची. अर्ध्या मिनिटाचं काम." मग तो एकदम मागे झाला. "मी हात लावणार नाही. परत चोर म्हणतील."

"आणि तुमच्यात सात फुटाचं वजन का निघत नाही?"

त्याच्या चेहऱ्यावर प्रामाणिक लाज दिसली. "गणित कच्चं आहे माझं. जेवढं माहीत आहे, तेवढं यादीत टाकलंय. तुकड्यांचा हिशेब बसवता आला नाही." त्यानं उत्कर्षाच्या स्क्रीनवर सात टाकून पाहिलं, मग नऊ, मग साडेअकरा. "हे भारी केलंय," तो हळूच म्हणाला.

खाली उतरताना साळवी म्हणाले, "याचा चेहराच चोराचा आहे."

"मघाशी मोनाली चोर होती ना?"

"दोघं मिळून," साळवींनी तडजोड केली.

*

निकमांच्या गोडाऊनवर पोहोचायला दुपारचा एक वाजला. उत्कर्षाला मंडळाच्या हॉलवर सोडून, ट्रकांच्या रांगा ओलांडत दोघं फाटकातून आत शिरले. साळवींना तर माहेरी आल्यासारखं झालं. लोखंडाचा तो वास, साखळ्यांचा खणखणाट! फाटकाशीच चॅनलचा ढीग होता. पुढे उजव्या हाताला सळया, हाताशी बाराची आणि मागे आठची. मग पट्ट्यांची थप्पी, पत्र्याखाली अँगल, आणि पार मागच्या भिंतीला पाइप.

"तुमच्या वेळेलाही माल असाच लागायचा?" जागृतीनं विचारलं.

"प्रत्येक गोडाऊनची आपापली तऱ्हा. इथं जड माल फाटकाशी ठेवतात, एवढंच."

गोडाऊनमधल्या छोट्या काट्यावर चौघेजण एक चॅनल चढवत होते. आधी त्यांनी काट्यावर दोन लाकडी ठोकळे मांडले आणि त्यावर चॅनल अलगद टेकवला.

"बोटं सापडत न्हाईत मग," एक पिकल्या मिशांचा, दणकट खांद्यांचा माणूस म्हणाला. हेच कोंडिबा. "आमच्या टोळीची रीत हाय ही. दुसरीकडं तसाच आदळत्यात. पर त्या ठोकळ्यांचं वजान वजा कराया पायजे, ते मी इसरलो व्हतो बगा. महिन्यामागं ध्यानात आलं. पोरीला लगीच सांगितलं."

जेवणाची वेळ होती. टोळी भिंतीच्या सावलीला बसली. भिंतीवर ओळीनं खिळे आणि त्यावर खांद्याच्या गाद्या टांगलेल्या होत्या, लोखंड वाहताना खांदा सोलू नये म्हणून. गोणपाटाच्या, आणि प्रत्येकीला कडेनं साडीचा काठ शिवलेला.

"ही आमच्या राहीबाईची शिलाई," कोंडिबा कौतुकानं म्हणाले. "तिच्या जुन्या लुगड्यांचे काठ. परतेकाला येगळा, म्हंजी अदलाबदल न्हाई."

साळवींना मोजायची बत्तीस वर्षांची खोड. खिळे बारा निघाले, गाद्या अकरा. चहा आला तेव्हा त्यांनी कपही मोजले. बारा होते, माणसं अकरा. एक जास्तीचा कप रिकाम्या खिळ्याखाली ठेवलेला पाहून त्यांनी सहज हात पुढे केला.

कोंडिबांनी हळूच त्यांचं मनगट धरलं. "त्यो नगं पावनं. त्यो मुकादमाचा. तुमाला दुसरा सांगतो."

"कुठं आहेत मुकादम?"

"गावाला. पाठीनं दगा दिला त्येच्या, दोन वरसं झाली. पर टोळी बाराची. च्या बी बाराचाच येतो. थंड झाला की झाडाला घालतो."

जागृतीनं चहाचा शेवटचा घोट घेतला. "कोंडिबाकाका, चार वाजता मंडळाच्या सभेला या. टोळीसकट."

"आमी? तिथं आमचं काय काम?"

"काम तुमचंच आहे," ती म्हणाली.

*

चार वाजता मंडळाच्या हॉलमध्ये सगळे जमले. उदयसिंह निकम मधल्या खुर्चीवर. एका कोपऱ्यात शिवतेज, दुसऱ्या कोपऱ्यात जागृतीनं बोलावून घेतलेली मोनाली, आणि दोघांकडेही बघायचं टाळत पुढच्या रांगेत उत्कर्षा. मांडीवर तो अर्ज. टोळी दाराशीच उभी राहिली. खुर्च्या होत्या, पण शेठलोकांच्या खुर्च्यांवर बसायची त्यांना सवय नव्हती.

"नाव सांगा घरतबाई," निकम म्हणाले. "उगाच वेळ नको."

"नाव शेवटी," जागृती उभी राहिली. "आधी चोरीचा माल बघू. दोन्ही प्लगइनमध्ये एकच चूक आहे, चॅनलचे दोन किलो जास्त. चूक योगायोगानं सारखी होत नाही. म्हणजे दोन्हींचा उगम एक. इथपर्यंत उत्कर्षा बरोबर होती. तिनं पुढे म्हटलं, तो उगम म्हणजे माझी जुनी झिप. तिथं ती चुकली."

उत्कर्षानं मान वर केली.

"झिपमध्ये काय होतं? आकडे आणि हिशेब करणारा कोड. तो कोड सात फुटाचं वजन काढतो, साडेअकराचं काढतो. ज्यानं झिप चोरली त्याच्या हातात तो आयता होता. शिवतेजच्या प्लगइनला सात फुटाचं वजन काढता येत नाही. साळवीकाकांनी सकाळीच ते शोधून काढलं." साळवींनी छाती पुढे केली. "आता सांगा, म्हैस चोरून नेणारा तिचं दूध गोठ्यातच ठेवून जाईल का? याच्याकडे नुसते आकडे पोहोचलेत. कोड कधी पोहोचलाच नाही."

"आकडे स्क्रीनवरून उतरवून घेतले असतील," निकम म्हणाले.

"मग ते स्क्रीनवरच्या क्रमानं आले असते. उत्कर्षाची यादी लहानापासून मोठ्याकडे जाते. शिवतेजची जाते चॅनल, सळई, पट्टी, अँगल, पाइप. सळईतही बारा आधी, आठ नंतर. निकमशेठ, तुमच्या गोडाऊनच्या फाटकातून आत चाला बरं. पहिलं काय लागतं?"

निकमांनी डोळे मिटले. "चॅनल. मग सळई, बाराची..." त्यांनी डोळे उघडले. "च्यायला!"

"हे आकडे कॉम्प्युटरवरून आलेलेच नाहीत. ते कुणीतरी गोडाऊनमध्ये चालत चालत, मालाकडे बघत बघत तोंडानं सांगितलेत. चूकही तिथलीच. चॅनल ठोकळ्यांवर ठेवून तोलायची रीत फक्त याच टोळीची, आणि दोन किलो त्या ठोकळ्यांचे. चूक सापडली महिन्यापूर्वी. शिवतेजकडे चूक शिल्लक आहे, म्हणजे त्यानं आकडे त्याआधी ऐकले, आणि नंतर तो गोडाऊनवर फिरकला नाही."

"पण बाहेरच्या माणसाला टोळी कशाला सांगेल?" साळवींना राहवेना.

"काका, तुम्ही आज सकाळी त्याच्या ऑफिसात कशावर बसला होता?"

साळवींच्या डोळ्यांसमोर हिरवा काठ आला, त्यावरची पिवळी रुईफुलं आली. मग भिंतीवरचे खिळे आले. बारा खिळे आणि अकरा गाद्या! त्यांनी मोजलं होतं. मोजून तसंच सोडून दिलं होतं. त्यांना स्वतःचा इतका राग आला, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की ते उभेच राहिले. "बारावी गादी! मी बारावीवर बसलो होतो!"

"शिवतेज बाहेरचा नाहीच," जागृती म्हणाली. "मोरे मुकादमांचा मुलगा तो. आकडे घरचे आहेत म्हणाला, ते खरंच होतं. टोळी त्याच्या घरचीच."

शिवतेज उठून उभा राहिला. "बाबा गावी जाताना ती गादी मला देऊन गेले. मला या बाजारासाठी काहीतरी करायचं होतं. बाबांना आता नीट बसवतसुद्धा नाही, फोनवर किती विचारणार? म्हणून मी..." तो दाराकडे पाहून थांबला.

"या प्रकरणात आम्ही मोनालीला विचारलं, शिवतेजला विचारलं," जागृती म्हणाली. "ज्यांच्याकडे कॉम्प्युटर, त्या सगळ्यांना विचारून झालं. ज्याच्या डोक्यात ते आकडे आहेत, त्या माणसाला कोणीच विचारलं नाही. कोंडिबाकाका, शिवतेजला वजनं कुणी सांगितली?"

"म्याच की," कोंडिबा दारातूनच म्हणाले. जणू कोणी वेळ विचारली होती.

उत्कर्षा वळली. "बाबा! तुम्ही?"

"मुकादमाचा बाळू आला व्हता, दिवाळीच्या आदी. म्हनला, काका, वजनं सांगा. सांगितली. तुला सांगितली तशीच, फाटकापासनं चालत. त्यानं फोनमदी भरून घेतलं. टोळीचं ग्यान टोळीच्या पोराला न्हाई द्यायचं, तर कुनाला?" मग त्यांचा चेहरा उतरला. "ठोकळ्याचं तेवढं त्येला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. माजी चूक हाय ती."

"मग मी घरी रडत होते, तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू म्हनलीस, मोनालीनं कोड चोरला. मला काय ठावं कोड काय असतो? त्यात माजंच बोलनं हाय, हे कुनी सांगितलंच न्हाई की मला."

उत्कर्षाला हसू येत होतं आणि रडूही. बाळू! टोळीबरोबर जत्रेला गेल्यावर तिच्या वाटणीच्या रेवड्या पळवणारा तो शेंबडा बाळू आज शिवतेज मोरे होऊन समोर उभा होता, आणि ती त्याला पत्रात चोर लिहून मोकळी झाली होती.

पण ती आधी मोनालीकडे गेली. सगळ्या शेठलोकांसमोर गेली.

"मी तुला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "मला तुझी लाज वाटत होती, आता माझी वाटतेय. माफ कर."

"ब्लॉक काढ आधी," मोनाली डोळे पुसत म्हणाली. "मग बघू."

निकमांनी टेबलावर हात आपटला. "हे सगळं गोड झालं. पण माझ्यासमोर दोन प्लगइन आहेत. एक चढत नाही आणि एकाला गणित येत नाही. मी करू काय?"

जागृतीनं शिवतेजकडे पाहिलं, शिवतेजनं उत्कर्षाकडे. उत्कर्षानं न बोलता लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. त्यानं आतला फोल्डर उचलला, नव्यानं झिप केली आणि निकमांच्या दुकानाच्या वेबसाइटवर चढवली. इन्स्टॉल. सुरू. साळवींनी सगळ्यांच्या आधी बोट घुसवून सात फूट चॅनल टाकला. पंधरा किलो दोनशे पंचवीस ग्रॅम.

"बरोबर!" ते असे ओरडले, जणू लायब्ररी त्यांनीच लिहिली होती.

"इथं लेखकाचं नाव लागतं," शिवतेज म्हणाला. झिपमधल्या मुख्य फाइलच्या माथ्यावर ती ओळ होती. "तुमचंच आहे, राहू दे."

उत्कर्षानं आपलं नाव खोडलं. बाबांकडे वळून तिनं विचारलं, "टोळीतली सगळी नावं सांगा. फाटकापासनं." कोंडिबा सांगत गेले, ती लिहीत गेली. पहिलं नाव धर्मराज मोरे, मुकादम. बारावं कोंडिबा जाधव. मग खालच्या ओळीत तिनं तिघांची नावं घातली. हिशेब, बांधणी, चित्रं.

"आणि हा अर्ज?" निकमांनी विचारलं. "माहिती फोडणाऱ्याचं नाव. कागद रिकामा घेत नाही मी."

जागृतीनं पर्समधून पेन काढून उत्कर्षाच्या हातात दिलं. सकाळी जो हात धजत नव्हता, त्यानं ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'कोंडिबा बाबूराव जाधव, माझे वडील.' निकमांनी ते मोठ्यानं वाचलं आणि टोळीत हशा पिकला.

"गुन्हा कबूल आहे का कोंडिबा? शिक्षा काय घेणार?"

"टोळीला च्या पाजतो, शेठ."

चहा आला. साळवींनी पुन्हा कप मोजले. टोळीच्या ट्रेमध्ये बारा. अकरा कप उचलले गेले आणि एक राहिला, नेहमीसारखा. शिवतेज दूर उभा राहून लॅपटॉप आवरत होता. कोंडिबांनी तो कप उचलला, बशीत ठेवला आणि त्याच्यापर्यंत चालत नेला.

"घे बाळू," ते म्हणाले. "तुज्या बापाचा हाय. दोन वरसं झाडाला घालतुया. आज गरम हाय तवर पी."